पुराने मोडलेला श्वान-निवारा पुन्हा उभा करताना: नव्या स्वयंसेवकांसाठी

कोकणात किंवा कृष्णाकाठी गावाबाहेर चालणारा कुत्र्यांचा निवारा म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी वापरायला दिलेल्या आठ-दहा गुंठ्यांवरची पत्र्याची शेड, जाळीचे काही कप्पे, एक बोअर, दोन कामगार आणि जागेच्या मानाने फार जास्त कुत्री. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. अशा प्रसंगी या निवाऱ्यांचे पत्रे उडतात, जाळ्या आडव्या होतात, तांदळाची पोती भिजून आंबतात आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याबरोबर भरकटलेली किंवा मालकांनी घाईत सोडलेली आणखी कुत्री दाराशी येतात. शहरातून मदतीच्या गाड्याही येतात, पण पाणी ओसरल्यावर दहा-बारा दिवसांत त्यांचा ओघ आटतो आणि खरे काम त्यानंतर सुरू होते.

हे मार्गदर्शन त्या नंतरच्या काळात मदतीला जाऊ इच्छिणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी आहे. नवखा माणूस निवाऱ्याची डागडुजी आणि कुत्र्यांना घर मिळवून देणे ही दोन वेगळी कामे समजतो. प्रत्यक्षात ती एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत. कुत्री बाहेर पडण्याची वाट तयार न करता वीस कप्प्यांच्या जागी तीस कप्पे बांधले, तर वर्षभरात तीसही भरतात आणि पुढच्या पावसात अडकणाऱ्या कुत्र्यांची संख्या तेवढीच वाढलेली असते. म्हणून माझे मत असे आहे की कप्पे होते तेवढेच बांधावेत, पण पक्के बांधावेत, आणि उरलेली शक्ती व पैसा घरे शोधण्यावर लावावा.

जाण्याआधी

रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतल्याशिवाय निवाऱ्यात कामाला जाऊ नये. तिचे डोस साधारणपणे पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी दिले जातात, म्हणजे हे किमान तीन आठवड्यांचे काम आहे. पुराची बातमी पाहून धावत सुटणाऱ्याला ते साधत नाही, त्यामुळे ज्यांना जायचेच आहे त्यांनी ते मे महिन्यातच उरकून ठेवावे. लस घेतलेली असली तरी चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण अशा वेळी पुढचे डोस घ्यावेच लागतात. जखमेवर हळद, चुना किंवा तंबाखू लावण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. तो नम्रपणे ऐकावा आणि पाळू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच घेतलेले असावे. पुराच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार पसरतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून पायाला भेग किंवा जखम असल्यास गमबुटाशिवाय चिखलात उतरू नये आणि प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वी निवारा चालवणाऱ्या व्यक्तीला फोन करून काय हवे ते विचारावे आणि सांगितले तेवढेच न्यावे. ग्लुकोज बिस्किटांचे खोके आणि जुन्या कपड्यांची गाठोडी सगळेच नेतात. मात्र ब्लीच, जाड रबरी हातमोजे, पट्टे, साखळ्यांऐवजी दोऱ्या, ताडपत्री आणि जनरेटरसाठी डिझेल यांचा विचार फार थोडे जण करतात. आणखी एक गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही. पुरानंतर गावातले गवंडी, सुतार आणि पत्रे चढवणारे सगळे आधीच गुंतलेले असतात. लोकांच्या घरांवर छप्पर येण्याआधी कुत्र्यांच्या शेडवर नवे पत्रे दिसले, तर गाव ते कित्येक वर्षे विसरत नाही, आणि त्या निवाऱ्याला पुढे पाण्याच्या टँकरपासून रस्त्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्याच गावाकडे जायचे असते. त्यामुळे पहिले काही आठवडे ताडपत्रीवर भागवावे आणि जमल्यास सोबत आणलेल्या कारागिरांचा एक दिवस शेजारच्या एखाद्या घरासाठी द्यावा.

पहिले काम: वही

पोहोचल्यावर कुत्र्यांना कुरवाळण्याआधी वही उघडावी. प्रत्येक कुत्र्याला क्रमांक द्यावा, दोन्ही बाजूंनी आणि समोरून फोटो काढावा, आणि नर की मादी, अंदाजे वय, रंग, कानाला निर्बीजीकरणाची खाच आहे का, गळ्यात पट्टा होता का, कुठे व कधी सापडले, काय दुखते आहे, हे सर्व लिहावे. वजनकाटा नसेल तर स्वतः कुत्र्याला उचलून साध्या काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे ही नोंद डॉक्टरांना सर्वात आधी लागते. वहीच हवी, कारण वीज गेल्यावर फोन बंद पडतात, आणि निवाऱ्यातल्या मावशींना किंवा मामांना ती तुमच्या माघारी चालवता आली पाहिजे.

पुरानंतर आलेल्या कुत्र्यांपैकी बरीचशी कुणाची तरी असतात. वाड्यावरची, गोठ्यावरची, दुकानापुढची ही कुत्री पट्ट्याविना वाढलेली असतात, म्हणून त्यांना बेवारस समजण्याची चूक सहज होते. त्यांचे फोटो ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध संकलन केंद्रावर, रेशन दुकानात आणि रिक्षा थांब्यावर लावावेत, आणि मालकाला येण्यासाठी तीन-चार आठवडे द्यावेत. ज्यांची घरे पाण्याखाली गेली आहेत ते लोक पहिल्या आठवड्यात कुत्रा शोधायला निघू शकत नाहीत. पुण्या-मुंबईच्या एखाद्या उत्साही कुटुंबाने दुसऱ्याच दिवशी कुत्रा उचलून नेला आणि महिन्याभराने त्याची मालकीण शोधत आली, तर तिला सांगण्यासारखे काहीही उरत नाही.

रोग आणि सफाई

नवीन आलेल्या कुत्र्याला किमान १४ दिवस वेगळे ठेवावे. जागा नसेल तर शेडपासून दूर ताडपत्रीखाली ठेवावे, पण त्याची भांडी, झाडू आणि शक्य असल्यास माणूसही वेगळा असावा. ते शक्य नसेल तर आधी पिल्लांचे, मग निरोगी मोठ्या कुत्र्यांचे आणि सर्वात शेवटी वेगळे ठेवलेल्यांचे काम करावे. या क्रमामुळे जितकी पिल्ले वाचतात तितकी महागड्या औषधांनीही वाचत नाहीत.

पार्व्हो हा पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा आजार आहे. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने तो खात्रीने मरत नाही. त्यासाठी घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग आणि पाणी तीस भाग असे द्रावण करावे. आधी विष्ठा, चिखल आणि शेवाळ खरवडून धुवून काढावे, कारण घाण असलेल्या जागी ब्लीचचा जोर राहत नाही. मग द्रावण ओतून १० मिनिटे तसेच ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन फरशी वाळू द्यावी. ब्लीच कधीही आम्लात किंवा अन्य सफाईद्रव्यात मिसळू नये, त्यातून विषारी वायू तयार होतो. कच्च्या मातीच्या आवाराचे निर्जंतुकीकरण होत नाही, म्हणून पार्व्हो होऊन गेलेल्या मातीवर लस पूर्ण न झालेली पिल्ले सोडू नयेत.

पिल्लांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी दिल्या जातात आणि सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांना देतात. पूरग्रस्त भागात लेप्टोचा समावेश असलेली लस डॉक्टरांकडून मागून घ्यावी. पावसाळा संपताच गोचिडांचा जोर वाढतो आणि गोचीड-तापाने धडधाकट कुत्राही चार दिवसांत आडवा होतो. हिरड्या पांढऱ्या दिसणे, खाणे सुटणे आणि लघवी गडद होणे ही लक्षणे प्रत्येक स्वयंसेवकाला ओळखता आली पाहिजेत. विनाकारण चावे घेणारे, लाळ गाळणारे, आवाज बदललेले किंवा अचानक सुस्त झालेले कुत्रे मात्र कुणीही हाताळू नये. दार बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. कुणाला चावलेला कुत्रा सुदृढ दिसत असला तरी १० दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवायचा असतो, आणि त्या माणसाची लस मात्र त्या दहा दिवसांसाठी थांबवायची नसते.

बांधकाम

सर्वात आधी पाण्याची खूण शोधावी. भिंतीवर चिखलाची रेघ उमटलेली असते. ती पुसण्याआधी खडूने आखून फोटो घ्यावा आणि नवा ओटा शक्यतो तिच्या वर घ्यावा. ते परवडत नसेल, आणि बहुधा परवडत नाहीच, तर आवारात एक तरी उंच पक्की जागा अशी असावी की सगळी कुत्री रात्रीपुरती तिथे नेता येतील, आणि प्रत्येक कप्प्याचे दार बाहेरून एका हाताने उघडणारे असावे. रात्री दोन वाजता कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, तो पुन्हा कधी कप्प्यांना कुलपे लावत नाही. कुलूप एकच, बाहेरच्या फाटकाला.

छपराच्या बाबतीत वारा पत्रे नेहमी कडेने आणि कोपऱ्यातून उचलतो. मधल्या भागात एकाआड एक पन्हळीला हूक चालतो, पण वळचणीला आणि आढ्याला प्रत्येक पन्हळीवर जे-हूक आणि रबरी वायसर हवा. खांब जमिनीत नुसते पुरू नयेत, काँक्रीटमध्ये बसवावेत आणि त्यांना तिरके आधार द्यावेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभा दगड जवळ मिळतो. चिऱ्याची तीन फूट भिंत आणि तिच्यावर जाळी ही रचना पत्र्याच्या भिंतींपेक्षा थंड राहते आणि कुत्री एकमेकांना सतत पाहत नसल्याने भुंकणेही कमी होते. उन्हाळ्याचा विचार करून पत्र्याखाली गवताचा किंवा झावळ्यांचा थर द्यावा. तो दरवर्षी बदलावा लागतो, पण त्याचे साहित्य गावातच मिळते.

फरशी हा सर्वाधिक चुका होणारा भाग आहे. गुळगुळीत टाइल्स फोटोत छान दिसतात आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे पाय त्यांवरून घसरतात. खरबरीत कोबा किंवा शहाबादी फरशी चांगली, मात्र तिला दर चार फुटांना एक इंच उतार पाहिजे आणि तो उतार कप्प्याच्या आत नव्हे, बाहेरच्या उघड्या गटाराकडे पाहिजे. गटार एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात गेले, तर पहिल्याचा रोग पाण्याबरोबर शेवटच्यापर्यंत पोहोचतो. कोबा झाल्यावर गवंडी निघून जाण्याआधी बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी साचले तर त्याच वेळी सांगता येते. मजुरी चुकती झाल्यावर सांगणे अवघड जाते. सांडपाण्यासाठी विहिरीपासून दूर शोषखड्डा घ्यावा आणि झोपण्यासाठी प्रत्येक कप्प्यात जमिनीपासून नऊ इंच उंच फळी किंवा ओटा ठेवावा.

कुंपणाची जाळी सहा फूट उंच असावी आणि तिचा तळ फूटभर जमिनीत काँक्रीटने धरलेला असावा, कारण आपले गावठी कुत्रे उडी मारण्यात आणि उकरण्यात सारखेच पटाईत असते. प्रवेशाला एकामागे एक अशी दोन फाटके ठेवावीत. हा खर्च अनावश्यक वाटतो, पण पाहुणा फाटक उघडून उभा राहतो आणि त्याच्या पायांमधून कुत्रा रस्त्यावर जातो, हे प्रत्येक निवाऱ्यात एकदा तरी घडलेले असते.

पैसा आणि कागद

स्वतःच्या खात्यावर देणग्या गोळा करू नयेत. निवारा महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असेल तर देणगी थेट न्यासाच्या खात्यात जावी. नसेल तर देणगीदाराने सिमेंट, पत्रे आणि औषधांच्या दुकानदाराला परस्पर पैसे द्यावेत व बिल निवाऱ्याच्या नावे घ्यावे. आयकरातली (८०-जी म्हणून ओळखली जाणारी) सवलत हवी असणाऱ्याला २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही, हे आधीच सांगावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी नातेवाइकांकडून आलेली रक्कम परकीय देणगी नियमन कायद्याच्या कक्षेत येते; त्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या न्यासाने ती स्वीकारू नये, ती कितीही प्रेमाने पाठवलेली असली तरी.

कोणत्या कुत्र्याला घर शोधायचे

प्रत्येक कुत्र्याला घर हवे असते असे नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार रस्त्यावरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. एखाद्या वाडीत सात वर्षे वावरलेले, चार घरी भाकरीचा तुकडा मिळणारे कुत्रे पूर ओसरल्यावर त्याच वाडीत सुखी राहते. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेणे ही त्याच्यावर केलेली दया नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून उचललेली कुत्री पुन्हा त्याच आवारात सोडू नयेत असे म्हटले आहे. त्यामुळे परत सोडण्याआधी ते कुत्रे कुठून आले होते हे वहीत पाहावे आणि स्थानिक प्रशासनाशी बोलून घ्यावे.

घराच्या यादीत पिल्ले, सोडून दिलेली लॅब्राडोर-पामेरियन जातीची कुत्री, तीन पायांची, आंधळी आणि माणसाशिवाय न राहणारी कुत्री यांना आधी घ्यावे. मराठवाडा-सोलापूरकडची पश्मी किंवा कारवानी कुत्री आली, तर त्यांना धावायला मोठी जागा लागते, हे मागणाऱ्याला स्पष्ट सांगावे.

फोटो, मजकूर आणि घराची पाहणी

फोटो सकाळच्या उजेडात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढावा. सोबतच्या मजकुरात दयेची याचना नसावी. दया येऊन नेलेला कुत्रा दया ओसरल्यावर परत येतो. त्याऐवजी उंची, वजन, वय, निर्बीजीकरण झाले आहे का, लहान मुलांशी आणि मांजरांशी कसा वागतो, आणि त्याला काय खपत नाही हे लिहावे. ‘घरात एकटा ठेवल्यास चपला फाडतो’ हे वाक्य वाचूनही जो फोन करतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ असतो.

घर पाहायला प्रत्यक्ष जावे. दूर असेल तर त्या शहरातल्या ओळखीच्या स्वयंसेवकाला पाठवावे. घरातली सगळी माणसे त्या वेळी हजर असावीत, कारण नकार बहुधा स्वयंपाकघरातून येतो आणि तो आधी ऐकलेला बरा. घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती मागावी. गृहनिर्माण संस्था पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. ते छापून सोबत ठेवावे. आणि एक प्रश्न जरूर विचारावा: गणपतीला गावी जाताना कुत्रा कुणाकडे राहणार? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आधीच ठरवलेले असते, त्यांच्याकडून कुत्री सहसा परत येत नाहीत.

‘शेतावर राखणीला एक द्या’ ही मागणी सर्वात जास्त येते आणि ती नाकारणे सर्वात कठीण असते. अनेक वर्षांपूर्वी जुन्नरकडच्या एका उसाच्या शेतावर आम्ही असाच एक तरणाबांड कुत्रा दिला. माणसे भली होती, खायला घालत होती, पण रात्री त्याला मळ्यातल्या खुंटीला साखळीने बांधत होती. अडीच महिन्यांनी बिबट्याने त्याला नेले. खुंटीला साखळी तेवढी राहिली होती. त्या पट्ट्यात बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे आम्हाला ठाऊक असायला हवे होते, आणि रात्री कुठे बांधता हे आम्ही विचारलेच नव्हते. तेव्हापासून शेतावर कुत्रा देताना रात्री आत घेण्यासाठी बंद खोली किंवा पक्का पिंजरा आहे का, हे डोळ्यांनी पाहतो.

पाठवणी आणि नंतरचे फोन

दत्तकपत्रात कुत्र्याचा क्रमांक, लसींच्या तारखा, पिल्लू असल्यास वयाच्या सहा महिन्यांनंतर निर्बीजीकरण करण्याची जबाबदारी, आणि सांभाळणे अशक्य झाल्यास कुत्रा निवाऱ्याकडेच परत देण्याची अट असावी. सोबत लसीकरण पुस्तिका, त्याचे आठवडाभराचे ओळखीचे अन्न आणि कप्प्यातले एक न धुतलेले फडके द्यावे. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषासारखे असते, आणि आपल्या आमटीत-रश्शात कांदा-लसूण असतोच, हे तोंडी सांगून पुन्हा लिहूनही द्यावे.

टेम्पोने नेताना दर तीन तासांनी थांबावे, पण दार उघडण्याआधी दोरी हातात असल्याची खात्री करावी. रेल्वेने न्यायचे असल्यास कुत्रा वातानुकूलित प्रथम वर्गाच्या कूपेत किंवा ब्रेकव्हॅनमधल्या (गार्डच्या सामानाच्या डब्यातल्या) पेटीत बुक करता येतो. ब्रेकव्हॅनचा प्रवास घाबरट कुत्र्यासाठी टाळावा. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत कुणालाही कुत्रा देऊ नये, फटाक्यांच्या पहिल्याच रात्री तो अनोळखी घरातून पळून जातो. परदेशातली मराठी कुटुंबेही विचारणा करतात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून कुत्रा नेताना मायक्रोचिप, रेबीजची लस, तिच्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांचे थांबणे आवश्यक असते. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्र्यांना प्रवेश बंद केला आहे. एवढा काळ त्या कुत्र्याला कोण सांभाळणार, हे आधी ठरल्याशिवाय होकार देऊ नये.

कुत्रा गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करावा. तिसऱ्या दिवशी तो खात नाही, पलंगाखालून निघत नाही अशी तक्रार येते. ती साहजिक असते आणि धीर दिल्यास बहुतेक कुटुंबे टिकून राहतात. तिसऱ्या आठवड्यात गुरगुरणे आणि सामान फाडणे सुरू होते, तेव्हा एखाद्याने प्रत्यक्ष जाऊन यावे. तरीही काही कुत्री परत येतात. त्यांना नेणाऱ्यांना दोष देऊ नये, नाहीतर पुढचे कुटुंब कुत्रा परत आणण्याऐवजी महामार्गावर सोडून देईल. म्हणून नव्या शेडचे कप्पे वाटून देताना एक कप्पा नेहमी रिकामा ठेवावा, आणि कितीही गर्दी झाली तरी तो परत येणाऱ्यासाठीच आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.